शून्य बाइटच्या सहा डिस्क

आठ डिस्क लावल्या, आठही व्यवस्थित फिरल्या, आणि यादी काढली तर सहा डिस्कपुढे आकार शून्य. उरलेल्या दोन पूर्ण चार टीबी दाखवत होत्या.

काम साधं होतं. एरंडवण्यातल्या एका व्हिडिओ एडिटिंग स्टुडिओसाठी बॅकअप सर्व्हर उभा करायचा. लिनक्स, त्यावर झेडएफएस ही फाइल सिस्टीम, चार टीबीच्या आठ सॅस (सर्व्हरसाठीच्या) डिस्क, दोन गेल्या तरी डेटा राहील अशी रचना. म्हणजे वापरायला ढोबळ २४ टीबी. नव्या डिस्क बजेटात बसेनात, म्हणून अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या मोठ्या स्टोरेज अ‍ॅरेमधून निघालेला वापरलेला माल घेतला. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "शून्य दाखवतीय ना साहेब? मग मेली ती. पाठवून द्या, बदलून देतो." माणूस सरळ होता, पण बदलून आलेल्या डिस्क त्याच लॉटमधल्या असणार आणि त्याही शून्यच दाखवणार, हा माझा अंदाज होता.

कारण मेलेली डिस्क अशी वागत नाही. ती टकटक करते, फिरतच नाही, किंवा कमांडला उत्तर देता देता टाइमआउट होते. या सहांचं मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर सगळं क्षणात येत होतं. मग डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग, उघडला. प्रत्येक डिस्कमागे एकच ओळ: अनसपोर्टेड सेक्टर साइझ ५२०.

मोठ्या अ‍ॅरेमध्ये ५१२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरला (डिस्क एका वेळी वाचते-लिहिते त्या तुकड्याला) आठ बाइटचं शेपूट जोडायची जुनी पद्धत आहे. त्यात चेकसम (डेटा बिघडला का ते पडताळणारा आकडा) आणि अ‍ॅरेची स्वतःची नोंद असते. अ‍ॅरेचा कंट्रोलर ते शेपूट आपल्याजवळ ठेवतो आणि सर्व्हरला ५१२च देतो. अ‍ॅरेतून डिस्क बाहेर काढली की मधला कंट्रोलर गेला, आणि कर्नलसमोर उघडी ५२० उभी राहते.

लिनक्सचा डिस्क चालवणारा एसडी ड्रायव्हर आज चारच आकार मानतो: ५१२, १०२४, २०४८ आणि ४०९६. दुसरं काही आलं तर तो ती एक ओळ छापतो, क्षमता शून्य करतो आणि सेक्टरचा आकार मुद्दाम खोटा ५१२ लिहून ठेवतो. कोडमध्ये त्यावर टीपही आहे: वरचा ब्लॉक लेयर आकार दोनच्या घातातला आहे असं धरून चालतो, त्याने अडखळू नये आणि या डिस्ककडे आलेली प्रत्येक विनंती शेवटी नाकारली जावी. म्हणजे शून्य ही चूक नाही, तो विचारपूर्वक दिलेला नकार आहे.

आठ बाइट कापून ५१२ का वापरत नाही, असं स्टुडिओतल्या मुलाने विचारलं. प्रश्न बरोबर होता. मेमरीचं पान, म्हणजे कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो तो एक तुकडा, ४०९६ बाइटचं. त्यात ५१२चे आठ सेक्टर चपखल बसतात. ५२०चे सात बसतात आणि ४५६ बाइट लोंबकळत राहतात, आठवा सेक्टर दोन पानांत फाटतो. पेज कॅशपासून फाइल सिस्टीमपर्यंतचं सगळं गणित या एका तुकड्यावर अडतं.

आता उपाय. एसडीने हात वर केले तरी एससीएसआय जेनेरिकचा (एसजीचा) रस्ता उघडा असतो. त्यातून कमांड थेट डिस्कला जाते, आकाराशी त्याला देणंघेणं नाही. फक्त डिस्क जोडायचं कार्ड साधं एचबीए हवं, आयटी मोडमधलं, म्हणजे डिस्क जशीच्या तशी पुढे देणारं. डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड (आरएआयडी) कार्डामागे अशा डिस्क बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोचतच नाहीत.

आधी डिस्कची क्षमता विचारणारी एसजी-रीडकॅप कमांड लांब स्वरूपात चालवून आठही डिस्क तपासल्या. सहांचा ब्लॉक ५२०. ज्या दोन "चांगल्या" होत्या त्यांचा ५१२, पण प्रोटेक्शन (सेक्टरसोबत पडताळणीचे बाइट ठेवायची सोय) चालू आणि त्याचा प्रकार सांगणारा पी-टाइप १. इथे हमखास फसायला होतं: पी-टाइप शून्यापासून मोजतात, त्यामुळे १ म्हणजे टाइप २ प्रोटेक्शन. यातही आठ बाइट असतात, पण ते प्रमाणित आहेत: दोन बाइट सीआरसी (चेकसम), दोन अ‍ॅप्लिकेशन टॅग, चार रेफरन्स टॅग. डिस्क ते पोटात ठेवते आणि मागितल्याशिवाय दाखवत नाही.

या दोघींशी कर्नल वेगळा वागला. आमच्या कार्डाने डीआयएफ, म्हणजे हेच प्रोटेक्शन, जमतं असं सांगितलेलं नव्हतं, म्हणून लॉगमध्ये आलं: डिसेबलिंग डीआयएफ टाइप २ प्रोटेक्शन. सोय बंद, डिस्क चालू. कार्डाला जमत असतं तर तीच ओळ एनेबलिंग म्हणून आली असती आणि टाइप २साठी कर्नलने ३२ बाइटच्या रीड-राइट कमांड पाठवायला सुरुवात केली असती. उद्या कार्ड बदललं की वागणं बदलणार, असली डिस्क मी बॅकअपात ठेवत नाही. आठही डिस्क फॉरमॅट करायच्या ठरल्या.

बुधवारी रात्री अकराला एसजी-फॉरमॅट सुरू केलं: फॉरमॅटचा पर्याय, साइझ ५१२, एफएमटीपीइन्फो ०. शेवटचा पर्याय प्रोटेक्शन काढण्यासाठी. तो तसाही डीफॉल्ट आहे, पण मी लिहितोच. सुरू होण्याआधी पंधरा सेकंदांची उलटी मोजणी असते. तेवढ्यात एसजीचा क्रमांक पुन्हा वाचावा, कारण बूट डिस्कही त्याच यादीत असते. डिस्क हे काम स्वतःच्या स्वतः करते, त्यामुळे आठही एकामागोमाग सोडता येतात. टर्मिनल बंद झालं तरी फॉरमॅट थांबत नाही. किती टक्के झालं ते एसजी-रिक्वेस्टला प्रोग्रेस विचारून कळतं. चार टीबीला सरासरी १५० एमबी प्रति सेकंद धरले तर साडेसात तास. समोर पंखा हवाच, आठ डिस्क एवढा वेळ सलग लिहीत राहिल्या की हाताला चटका बसतो.

सकाळी सातला सात डिस्क झाल्या. आठवी, त्या दोन प्रोटेक्शनवाल्यांतली एक, ६१ टक्क्यांवर रांगत होती. दहाला ८० झाले आणि लाइट गेली. गुरुवार. देखभालीसाठी लाइट गुरुवारी जाते हे पुण्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं, आणि मी आठ तासांचं काम बुधवारी रात्री लावलं होतं. यूपीएसने पंचवीस मिनिटं तग धरला.

संध्याकाळी मशीन चालू केलं तर सात डिस्क छान वर आल्या: ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर, चार टीबीचा नेहमीचा आकडा. हा आकडा जुळवून पाहावा, कारण अ‍ॅरेवाले कधी कधी क्षमता थोडी कमी करून ठेवतात. आठवीने मात्र मीडियम फॉरमॅट करप्टेड म्हणून प्रत्येक वाचन नाकारलं. अर्धवट फॉरमॅट पुढे चालू ठेवायची सोय नसते, पहिल्यापासून करावं लागतं. तेही केलं.

फॉरमॅट चालू असताना बूट एसएसडीचा लॉग चाळत होतो, तिथेही एक ओळ सापडली: डिसेबलिंग क्यूड ट्रिम सपोर्ट. ट्रिम म्हणजे कोणती जागा आता रिकामी झाली हे एसएसडीला सांगणारी कमांड. सॅटा ३.१ने, म्हणजे २०११ मध्ये, ट्रिमला रांगेत उभं राहायची परवानगी दिली. त्याआधी ट्रिमसाठी सगळी रांग रिकामी करावी लागे. काही एसएसडी हे जमतं असं सांगतात आणि प्रत्यक्षात डेटा खराब करतात. अशा मॉडेलांची नावनिशीवार यादी लिबाटाच्या, म्हणजे कर्नलमधल्या सॅटा चालवणाऱ्या भागाच्या, कोडमध्ये आहे. यादीतलं मॉडेल दिसलं की कर्नल डिस्कच्या शब्दावर विसंबत नाही, साधं ट्रिम वापरतो. यादीत नसलेली डिस्क असाच त्रास देऊ लागली तर बूटच्या ओळीत लिबाटा फोर्समध्ये नोएनसीक्यूट्रिम लिहून हेच आपल्या हाताने करता येतं. ट्रिम चालूच राहतं, म्हणून ही ओळ पाहून एसएसडी बदलू नये.

आठवी डिस्क दुसऱ्यांदाही त्याच पट्ट्यात मंदावली. तेव्हा कुठे मी डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवलं, जे पहिल्या दिवशी चालवायला हवं होतं. ग्रोन डिफेक्टच्या, म्हणजे वापरात खराब झालेल्या सेक्टरांच्या, यादीत हजारावर नोंदी होत्या आणि दर तासाला वाढत होत्या. बाकी सातांच्या यादीत शून्य. पहिल्या क्षणापासून पूर्ण चार टीबी दाखवणाऱ्या दोघींतली ही एक. शुक्रवारी ती विक्रेत्याकडे परत गेली. तो म्हणाला, "पण ही तर चालत होती ना साहेब?"