अपिलात टिकेल का? तुम्ही विचारलंत म्हणून

अमेरिकेतल्या पेटंट खटल्यात खालच्या कोर्टाने क्लेमचा (पेटंटच्या हक्काची हद्द सांगणाऱ्या वाक्याचा) अर्थ आपल्या बाजूने लावला की दुसऱ्या दिवशी अशिलाचा फोन ठरलेला: "अपिलात टिकेल ना? टक्क्यांत सांगा." मी टक्के सांगत नाही. टाळाटाळ म्हणा हवं तर.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. क्लेमचा अर्थ ज्युरी नाही, न्यायाधीश लावणार, हे मार्कमन खटल्यात १९९६ साली ठरलं. १९९८ साली सायबॉर खटल्यात फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने, सांगितलं की हा निव्वळ कायद्याचा प्रश्न, आम्ही तो पहिल्यापासून नव्याने बघणार. मग खालच्या न्यायाधीशाने तज्ज्ञ ऐकले काय नि न ऐकले काय! सगळं खापर मी याच नियमावर फोडायचो.

मग तेवा विरुद्ध सँडोझ आलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं कोपॅक्सोन हे औषध, पेटंट तेवा कंपनीकडे. प्रतिवादींत हैदराबादची नॅटकोही होती. वाद 'मॉलेक्युलर वेट', म्हणजे रेणुभार, या दोन शब्दांचा: क्लेममध्ये 'रेणुभार ५ ते ९ किलोडाल्टन' होतं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). पण हे औषध म्हणजे लहानमोठ्या साखळ्यांचं मिश्रण, त्यामुळे रेणुभार म्हणजे कुठली तरी सरासरी. समजा ४ किलोडाल्टनच्या दोन साखळ्या आहेत आणि १० ची एक. सर्वाधिक साखळ्यांचा, म्हणजे आलेखाच्या शिखराचा भार ४. एकूण वजन भागिले संख्या केलं तर ६. जड साखळीला जास्त मान दिला, म्हणजे भारित सरासरी काढली, तर सुमारे ७.३. म्हणजे पहिल्या मोजणीत माल क्लेमबाहेर, उरलेल्या दोन्हींत आत.

खालच्या कोर्टाने 'शिखर' धरलं. पेटंटमधल्या मोजणीच्या पद्धतीत शिखर थेट वाचता येतं, बाकी दोन्हींना आणखी गणित लागतं. आकृतीतली शिखरं दिलेल्या आकड्यांवर नेमकी बसत नव्हती. क्रोमॅटोग्रामवरून, म्हणजे मोजणीच्या मूळ आलेखावरून, रेणुभाराचा वक्र काढताना ती थोडी सरकतात, हे तेवाच्या तज्ज्ञाचं म्हणणं कोर्टाने मानलं. फेडरल सर्किटने २०१३ मध्ये ते उडवलं आणि क्लेम संदिग्ध, म्हणून अवैध ठरवला. २० जानेवारी २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं: तज्ज्ञावर विश्वास ठेवणं हा वस्तुस्थितीचा निष्कर्ष आहे, उघड चूक असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मला वाटलं, सुटलो!

जून २०१५. प्रकरण परत त्याच फेडरल सर्किटपुढे. शिखरं सरकतात, मान्य. पण तेवढ्याने शब्दाचा अर्थ ठरत नाही, असं बहुमत म्हणालं. त्याच कुटुंबातल्या (एकाच मूळ अर्जातून निघालेल्या) एका पेटंटच्या अर्जात पेटंट ऑफिसला 'भारित सरासरी' सांगितली होती, दुसऱ्यात 'शिखर'. क्लेम पुन्हा संदिग्ध. पेटंटची मुदत तरी कुठे उरली होती, सप्टेंबरपर्यंत.

तेव्हा "काय करायचं" विचारलंत तर सांगतो. मोजायची गोष्ट असेल तर कुठली सरासरी, कुठल्या पद्धतीने, हे स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे पेटंटमधल्या शोधाच्या वर्णनातच, लिहा. कुटुंबातल्या प्रत्येक अर्जाचं उत्तर पाठवण्याआधी आधीची सगळी उत्तरं वाचा. (कंटाळवाणं काम. करा.) मार्कमन सुनावणीत (क्लेमचा अर्थ ठरवायची सुनावणी) नुसतं विज्ञान सिद्ध करून भागत नाही, त्या काळच्या, त्या क्षेत्रातल्या जाणकाराने या शब्दाचा हाच अर्थ घेतला असता, असा निष्कर्ष निकालात वेगळा लिहून मागा. नुसत्या पेटंटच्या मजकुरावर जिंकलात तर अपिलात सगळं पुन्हा नव्याने, हे धरूनच चला. अर्थ विरोधात गेला तर खटला संपण्याआधीच मधल्या अपिलाची परवानगी क्वचित मिळते. म्हणून काही जण 'उल्लंघन नाही' असं मान्य करून निकाल घेतात आणि थेट वर जातात. त्या मान्यतेत कुठल्या शब्दाच्या कुठल्या अर्थामुळे उल्लंघन नाही हे नसेल, तर वरचं कोर्ट स्पष्टीकरणासाठी कागद खाली पाठवू शकतं.

आणि नव्याने बघण्याला मी शिव्या घालायचो, तेही अर्धवटच. १९८२ साली फेडरल सर्किट काढलं ते देशभर पेटंटचा कायदा एकसारखा चालावा म्हणून. अर्थ खालच्या कोर्टांवर सोडला, तर डेलावेअरचा न्यायाधीश एका तज्ज्ञाला मानेल, टेक्सासचा दुसऱ्याला, आणि एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ टिकतील. हा अंदाज कुठून बांधायचा? उलट, वस्तुस्थिती कुठे संपते आणि कायदा कुठे सुरू होतो ती रेघ वरचं कोर्टच ओढणार असेल, तर उघड चुकीच्या कसोटीने मिळालं काय?

जूनचा तो निकाल २ विरुद्ध १ होता. विरोधी न्यायाधीश म्हणतात, खालच्या कोर्टाने जाणकाराचा अर्थ शोधलाच होता. ते वाचलं की मला पटतं. मग पुन्हा ती दोन विसंगत उत्तरं वाचतो, आणि बहुमतही पटतं.