तासाची सायकल : आमची वाटचाल

आमच्या बाबांचं ठाण्यात कोपरीला भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. वहीत नाव, वेळ आणि सायकलीचा नंबर. अर्ध्या तासाचे पैसे वेगळे, तासाचे वेगळे. पुढे घरोघरी सायकली आल्या, मग स्कूटर, आणि दुकान बसलं. मी वागळे इस्टेटमध्ये वेल्डिंग शिकलो. नंतर तिथेच गाळा घेऊन हॉस्पिटलच्या ट्रॉल्या, सलाईनचे स्टँड आणि व्हीलचेअरची दुरुस्ती करू लागलो. सायकलचा विषय माझ्यापुरता संपला होता.

लहानपणी पोलिओ झालेले एक काका आपली हाताने चालवायची तीनचाकी घेऊन आले. एक्सल वाकला होता. काम होईपर्यंत मी सहज विचारलं, ‘रविवारी हिच्यावरून फिरायला जाता की नाही?’ ते हसले. ‘अहो, हिच्यावरून कामाला जातो. फिरायला कोण नेतंय हिला?’

गाडी तपासली तर म्हणणं बरोबर होतं. वजन भरपूर, गिअर नाही, बसणारा उंचावर. जरा जोरात वळलं की आतलं चाक उचललंच. 1981 पासून सरकारी योजनेतून अशा गाड्या मिळतात आणि त्यांनी कित्येकांना कामाधंद्याला पोचवलंय, त्यामुळे मी नावं ठेवणार नाही. पण ती गरजेची गाडी, मजेची नव्हे. आणि कल्पना काही नवी नाही. न्यूरेंबर्गच्या एका अपंग घड्याळजीने 1655 मध्ये स्वतःसाठी हाताने फिरवायची तीनचाकी केली होती. दुचाकी त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी आली!

तरी मजेसाठी चालवता येईल अशी हाताची सायकल आपणच करायची, असं मी ठरवलं. मुंबईत काळबादेवीहून सामान आणून पहिली गाडी जोडली आणि तोंडावर पडलो. हाताची पेडलं मी पायाच्या सायकलसारखी उलटसुलट लावली, एक वर तर एक खाली. पण हाताच्या सायकलीत पेडल आणि हँडल एकच. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला पुढचं चाक डावी-उजवीकडे नाचायला लागलं. दोन्ही पेडलं एका रेषेत आणली, तेव्हा गाडी सरळ चालली. हात एकत्र पुढे, एकत्र मागे. पॅरालिम्पिकमध्ये 2004 पासून हातसायकलीची शर्यत असते, तिथेही तसंच. आधी दोन व्हिडिओ नीट बघितले असते तर पंधरा दिवस वाचले असते.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मणक्याला मार लागलेला एक तरुण आमच्याकडे यायचा, कमरेखाली संवेदना नाही. एके दिवशी पायाचा पट्टा सैल झाला आणि टाच फ्रेमच्या कडेला घासत राहिली. दुखलं असतं तर ओरडला असता. गाळ्यावर येऊन मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. त्याची आई मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. जखम भरायला दीड महिना गेला. तेव्हापासून पावलाला मागून कप, वर दोन पट्टे आणि आसपास एकही उघडी कड नाही. वीस मिनिटांनी गाडी थांबवायची, हातावर जोर देऊन बूड उचलायचं आणि टाचा बघायच्या. छातीच्या वरच्या भागात मणका दुखावला असेल तर खालच्या अंगाला घामही येत नाही, उन्हात ताप चढावा तसं अंग तापतं. म्हणून पाणी फवारायची बाटली प्रत्येक गाडीला. इस्त्रीवाल्याकडे असते तीच.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांचं गणित आणखी वेगळं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, धड एका बाजूला कलतं. त्यांना छातीला पट्टा, पाठीला उंच टेका आणि मागे आईबाबांना धरायला दांडा. काहींना फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग, न लावता चाक पेडलशी जखडून देतो. चाक फिरलं की पेडल फिरतंच, म्हणजे चांगला पाय दुसऱ्या पायालाही फिरवतो. पण उतारावर तेच चाक पाय ओढून नेतं, म्हणून ही गाडी फक्त सपाटीला. आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताई म्हणतात, ‘टेबलावर दहा वेळा पाय हलव म्हटलं की जो रडतो, तोच इथे तिसरी चक्कर मागतो.’ व्यायाम किती होतो ते त्या जाणोत. तिसरी चक्कर मागणारं पोर मी स्वतः बघितलंय.

धंद्याचं म्हणाल तर आधी मी गाड्या विकायलाच निघालो होतो. मापाची गाडी साठ-सत्तर हजारांच्या खाली बसत नव्हती, आणि मूल दोन वर्षांत वाढतं. वर्षभरात विकल्या चार. एक ताई सरळच म्हणाल्या, ‘दादा, पैसे जमवू हो. पण ठेवू कुठे? चौथा मजला, आणि लिफ्टमध्ये व्हीलचेअरच कशीबशी मावते.’ त्या रात्री बाबांना हे सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, ‘मग तासावर दे की.’

आता सहा गाड्या आहेत. सीट आणि पेडल मागेपुढे सरकतात, म्हणून एकच गाडी तिघांना चालते. रविवारी पहाटे टेम्पोतून ठाण्यातल्या उपवन तलावाशी नेतो आणि तासावर देतो. यातून टेम्पोचं भाडं आणि दोन पोरांची मजुरी सुटते, बाकी घर ट्रॉल्यांवरच चालतं. पावसाळ्याचे चार महिने सगळं बंद. चेनला ग्रीस फासून गाड्या माळ्यावर. लॉकडाऊनमध्ये तर दीड वर्ष त्या तिथून उतरल्याच नाहीत.

सध्याचं भांडण खांबांशी आहे. मोटरसायकली घुसू नयेत म्हणून पदपथांच्या तोंडाशी स्टीलचे खांब रोवतात, आणि आमची गाडी 82 सेंटीमीटर रुंद. अर्ज दिलेत. पोलिओवाले काका आता दर रविवारी येतात. परवा ते खिशातून टेप काढून स्वतःच मापं घेत होते. ‘अर्जाचं होईल तेव्हा होईल,’ ते म्हणाले, ‘तू गाडी आठ सेंटीमीटरने बारीक कर.’ मागचा एक्सल कापलाय. पण अरुंद केली की वळणावर चाक उचलणार, म्हणून सीट आणखी दोन इंच खाली घ्यावी लागेल. ते काम या आठवड्यात.