पॅप-ए ०.२९

डबल मार्कर म्हणजे पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोमचा धोका किती, ते बघायची गरोदरपणातली रक्ततपासणी. तिचा फॉर्म मी दुसऱ्या कुणाला भरू देत नाही. अकरा वर्षं सोलापुरात रक्त काढतेय, एवढा हट्ट चालतो. वजन विचारून लिहायचं नाही, बाईला काट्यावर उभं करून लिहायचं. अंगाने भरलेल्या बाईच्या रक्तात या तपासणीत मोजायची द्रव्यं पातळ होतात, म्हणून आकडा वजनाप्रमाणे दुरुस्त करतात. वजन चुकलं की हिशोबच चुकला. फॉर्मवर सिगारेट विचारलेली असते, मिश्री नाही. आमच्याकडच्या बायकांना सिगारेट काय विचारता? मी मिश्री विचारते आणि कोपऱ्यात लिहिते.

ती विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून आली होती. पहिलटकरीण, बारा आठवडे चार दिवस, वजन ४९. सिरम बर्फात घालून मुंबईला गेलं. रिपोर्ट आला: डाउन सिंड्रोमचा धोका २,८०० मध्ये १, 'लो रिस्क'. नवरा खूश होऊन घेऊन गेला.

खाली बारीक अक्षरात होतं, पॅप-ए ०.२९ एमओएम. म्हणजे त्या दिवसांच्या गरोदर बायकांत जो मधला आकडा असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. हे द्रव्य वारेतून येतं. ते ०.४ च्या खाली असलं तर पुढे बीपी वाढण्याचा, बाळाची वाढ खुंटण्याचा धोका जास्त. बाकीचं बघून डॉक्टर सोळा आठवड्यांच्या आत रात्रीची १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करू शकतात. मला हे माहीत होतं.

मी दवाखान्यात फोन केला. कंपाउंडर म्हणाला, "लो रिस्क आहे ना? मग?" मी फोन ठेवला. लॅबवाल्यांनी सल्ला देऊ नये, हे बरोबरच आहे. पण डॉक्टरांना आकडा वाचून दाखवणं म्हणजे सल्ला नव्हे, हे तेव्हा सुचलं नाही.

एकतिसाव्या आठवड्यात ती पाय सुजून आली, लघवी तपासायला. नळीचा वरचा भाग तापवला, ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकले, आणि दूध नासावं तसे गोळे झाले, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. या वेळी मी कंपाउंडरला बाजूला सारून आत गेले. बीपी १७०/११०. रात्रीच सिझर झालं. बाळ १,१५० ग्रॅमचं, महिनाभर काचेच्या पेटीत.

पॅप-ए कमी असलेल्या बऱ्याच जणी सुखरूप बाळंत होतात. ॲस्पिरिननेही सगळ्यांचं टळत नाही. हे सगळं खरं आहे, आणि तो फोन मी ठेवला हेही खरं आहे. आता त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल करते आणि डॉक्टर फोनवर येईपर्यंत थांबते.

गेल्या महिन्यात ती बाळाला काखेत घेऊन हिमोग्लोबिनला आली. "मॅडम, तवाचा रिपोर्ट नॉर्मल होता की ओ?"

"डाउनचा नॉर्मल होता," मी म्हटलं. "दुसरा एक आकडा कमी होता. मी डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं."

ती काही बोलली नाही. बाळ नवऱ्याकडे दिलं आणि हात पुढे केला.