सातव्या वर्षी सफरचंदाची साल कचऱ्यात नाही

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण सातव्या दिवशी त्यांचा घाणा बंद. इथे इस्रायलमध्ये सातव्या वर्षी शेतच बंद: शमिता. मागचं २०२१-२२ला झालं, पुढचं सप्टेंबर २०२८ला सुरू होईल. कारण बायबलमधल्या लेवीय २५:२३ मध्ये आहे: जमीन देवाची, माणूस कूळ. आणि इथे कुळकायदा नाही; कितीही पिढ्या कसली तरी सातबाऱ्यावर नाव देवाचंच.

त्या वर्षी येणार असाल तर भाजी घेताना पाटी वाचा. ‘हेतेर मेखिरा’ म्हणजे जमीन तेवढ्यापुरती ज्यू नसलेल्याला विकलेली. ही सोय १८८९ची, कट्टर मंडळी आजही मानत नाहीत. ‘ओत्सार बेत दिन’ म्हणजे धर्मन्यायालयाने शेतकऱ्याला मजुरीवर नेमलेलं. तुम्ही देता तो फळाचा भाव नव्हे, तोडणी-वाहतुकीचा खर्च. हे फळ पवित्र. खाण्याजोगी साल, उरलेली फोड वेगळ्या पिशवीत ठेवायची, सडली की मगच कचऱ्यात. नवशिके चुकतात ते वर्ष संपल्यावर: फळाचा हिशेब ते झाडावर धरलं तेव्हापासून, म्हणून पुढच्या वर्षीही बाजारात शमितेचीच फळं असतात.

आपोआप उगवलेलं खायला मूळ ग्रंथात मुभा होती. लोक चोरून पेरायचे नि ‘आपोआप आलं’ म्हणायचे. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, तशी भाजीच निषिद्ध केली. फळझाडं सुटली, कारण ती कोणी दरसाल लावत नाही.

खरी कसोटी पैशाची. याच वर्षाअखेर उसनवारी माफ (अनुवाद १५). ‘सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला नाही म्हणू नका’ असं तिथेच बजावलंय, तरी लोक हात आखडू लागले. मग हिल्लेल या धर्मपंडिताने प्रोझबूल नावाचा दस्तऐवज काढला: वर्ष संपण्याआधी सावकाराने सगळी येणी तीन न्यायाधीशांच्या हवाली करायची, म्हणजे ती बुडत नाहीत. अट एकच, ऋणकोकडे थोडी तरी जमीन हवी. तळाला भोक असलेली कुंडीही चालते! ही पळवाट आहेच. पण तिच्यामुळे गरिबाला उसने मिळत राहिले, त्यामुळे आम्हाला ती पटते.

ख्रिस्ती परंपरेत शेताचा नियम उरला नाही, कर्जाची भाषा मात्र राहिली. मत्तय ६:१२ मधल्या येशूच्या प्रार्थनेत मूळ ग्रीक शब्द ‘ऋणे’ असाच आहे आणि मराठी बायबलनेही तोच ठेवलाय. आपल्या शुभवर्तमानात लूकने त्याच जागी ‘पापे’ लिहिलं, पण पुढच्याच शब्दांत माफ करायचा तो माणूस पुन्हा ऋणीच.