भाडं दिल्यावर उरलेलं लंडन

लंडनहून सुट्टीत रत्नागिरीला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "काय गो, तिकडे साधी कॉफी चारशे रुपयांना मिळते म्हणे? मग तुमचं भागतं कसं?" मिळते की. म्हणूनच आम्ही घरचा चहा थर्मासमध्ये भरून नेतो.

खोटं कशाला सांगू, घरभाडं मात्र कंबरडं मोडतं. त्यावर युक्ती नाही. लांब राहायचं नाहीतर घर चौघांत वाटून घ्यायचं. पण ते एकदा चुकतं केलं की दाराबाहेरचं लंडन अगदी हलक्या खिशानेही भोगता येतं. आणि पैसे न खर्चता संध्याकाळ घालवायचं शिक्षण आपल्याला मांडवीच्या जेटीवर फुकटच मिळालेलं असतं.

म्युझियमचंच बघा. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांना उघडलं तेच विनामूल्य. ज्या राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट होतं, त्यांचंही २००१ च्या अखेरीस गेलं. पैसे वाचतात हा फायदा आहेच, पण मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. तिकीट काढलेला माणूस पाय दुखेपर्यंत सगळी दालनं पालथी घालतो, पैसे वसूल व्हायला हवेत ना! आम्ही अर्धा तास जातो, एकच गोष्ट बघतो आणि बाहेर पडतो.

मी तरी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आपल्या थिबा राजासाठी जाते. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची, म्हणजे ब्रह्मदेशाची, राजधानी मंडाले घेतली. राजाला पुढच्या वर्षी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याच्या राजवाड्यातली राजचिन्हं गेली लंडनला. थिबा १९१६ मध्ये इथेच वारला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच्या वस्तूंचं पुढे काय झालं, ते मला तिकडे गेल्यावर कळलं. कित्येक वर्षं त्या या संग्रहालयात होत्या. १९६४ मध्ये त्या ब्रह्मदेशाला परत केल्या, तेव्हा ब्रह्मदेशाने त्यातलंच एक सोन्याचं, हंसाच्या आकाराचं रत्नजडित पानदान आभार म्हणून संग्रहालयाला भेट दिलं. आपलीच वस्तू परत घेताना आभार कसले मानायचे, असं माझ्या मनात येतंच. पाहुणे आले की त्यांनाही तिथेच नेते. राजाचा वाडा रत्नागिरीत आणि पानदान लंडनला, आणि ते बघायला एक पैसा लागत नाही.

फिरायला बस. मेट्रो झटपट पोचवते खरी, पण ती महाग आणि बाहेर दिसतो नुसता अंधार. बसचं भाडं २०२५ मध्ये पावणेदोन पौंड होतं आणि तासाभरात कितीही बसा बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. पंधरा नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडायची (लहान मुलांशी स्पर्धा असते, लाजायचं नाही) आणि टॉवर ऑफ लंडन, सेंट पॉल्स, ट्रॅफल्गार चौक बघत जायचं. प्रवासी कंपन्यांच्या उघड्या बसला याच्या कित्येक पट पैसे पडतात.

आणि होडी! पूर्वेकडे वुलिचला थेम्स ओलांडायला फेरीबोट आहे. दाभोळ-धोपावेसारखीच, गाड्या, ट्रक, सायकली, माणसं सगळं एकत्र. १८८९ पासून तिला तिकीटच नाही. पलीकडे आमचं काही काम नसतं. जातो आणि तिथूनच परत येतो.

बागांत मात्र एक सांगून ठेवते. हाइड पार्कात पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्च्या मांडलेल्या दिसतील, त्या भाड्याच्या आहेत. गवत फुकट आहे, घरून चादर न्यायची.

खाण्याचं म्हणाल तर मासळी सुटत नाही. तिकडच्या बहुतेकांना कॉड, हॅडॉक असलं पांढरं, काटे काढलेलं मासळीचं मांस लागतं, त्यामुळे त्या मानाने बांगडा स्वस्त पडतो. तो आपल्याकडच्या बांगड्यापेक्षा लांबट, पाठीवर नागमोडी पट्टे आणि अंगात चरबी भरपूर. आईने बांधून दिलेली आमसुलं घालून त्याचं तिखलं फक्कड होतं. घरातल्या इतर भाडेकरूंना वास आवडत नाही. त्यांच्या उकडलेल्या कोबीच्या वासाबद्दल आम्ही कधी काही बोललो नाही, तेव्हा फिट्टंफाट. भाजी रस्त्यावरच्या बाजारातून, पौंडाला एक वाडगा, त्यात टोमॅटो येतील नाहीतर मिरच्या. दुकानात संध्याकाळी उरलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवतात, ती वेळ सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असते.

हापूसची पेटी वेम्बलीला मे महिन्यात मिळते. मी घेत नाही. किंमत ऐकून रत्नागिरीकराने तिथेच डोक्याला हात लावावा.

तुमच्यापैकी कुणी उन्हाळ्यात तिकडे येणार असेल तर रॉयल अल्बर्ट हॉलमधला प्रॉम्स हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव चुकवू नका. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत रोज मैफल असते. उभं राहून ऐकायचं तिकीट आठ पौंडांच्या आसपास, आणि उभ्याची जागा वाद्यवृंदाच्या अगदी पुढ्यात. शिमग्यात रात्रभर उभ्याने नमन बघणाऱ्यांना दोन तासांचं काय! फक्त बूट जुने, पायात बसलेले घाला.