साहेब आला नव्हता तेव्हाचा कागद

मोडीचं लिप्यंतर करणाऱ्याला कुणी मत विचारत नाही, आणि ते बरंच आहे. कागदात असेल ते ओळीला ओळ देवनागरीत उतरवायचं, फाटलं असेल तिथं ‘फाटले’ लिहायचं, लागत नसेल तिथं टिंबं द्यायची. खाली सही, शिक्का आणि ‘मूळ कागदाबरहुकूम’ असा दाखला. कागद खरा की खोटा ते कोर्ट बघेल. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाल्यापासून आमच्या धंद्याला एकदम भाव आला. कालपर्यंत मोडी म्हणजे काय हे ठाऊक नसलेले लोक पंधरवड्याचा वर्ग करून पाट्या लावून बसलेत. ‘कु’ दिसला की कुणबी. अशानं एक दिवस कुलकर्णीही कुणबी ठरतील.

पण मला सांगायचंय ते प्रकरण कुणबी नोंदीचं नव्हे. भुदरगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतले काका पत्र्याच्या नळीत कागद घालून घेऊन आले. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला पटका, बरोबर पुतण्या. भावकीत जमिनीचा दावा चाललेला, थोरल्या पातीनं धाकट्यावर घातलेला. काका थोरल्या पातीचे. म्हणाले, “ताई, गडाच्या चाकरीची जिमीन हाय आमची. अजंटसायबानं थोरल्याच्या नावानं कौल दिल्याला हाय. ह्यो बघा कागुद.”

बघितला, आणि खरं सांगते, बघतच राहिले. देशी कागद, कडा तपकिरी झालेल्या, मधल्या घडीवर कसर लागलेली. जलचिन्ह असतं तर काम सोपं झालं असतं, विलायती कागदात पुष्कळदा सालच छापलेलं सापडतं. इथं काहीच नाही. अक्षर मात्र देखणं. आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतलेल्या आणि मग बोरू न उचलता खाली अक्षरं लोंबवलेली. हात कसलेला. सुरुवातीलाच शके १७६२, शार्वरी नाम संवत्सर, सुहूर सन इहिदे अर्बैन मयातैन व अलफ. ‘पोलिटिकल अजंट इलाखा करवीर’ (म्हणजे कोल्हापूर राज्यावरचा इंग्रजांचा प्रतिनिधी) यांजकडून अमक्या गडकऱ्यास कौल दिल्हा ऐसा जे, गडाच्या चाकरीबद्दल जमीन तुजकडे चालत आहे ती थोरल्याचे वंशी निर्वेध चालवली जाईल. शेवटी जाणिजे आणि मोर्तबसूद, म्हणजे शिक्का झाल्याची खूण.

सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत आणि उलटे लिहितात, एकंपासून वर. इहिदे म्हणजे एक, अर्बैन चाळीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२४१. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. उत्तर आलं १८४०-४१. शके १७६२ चंही तेच येतं, आणि त्या शकाचा संवत्सर शार्वरीच. बनावट कागद बहुतेक इथंच फुटतात. शक एका सालाचा, संवत्सर भलत्याच. हा गडी पंचांगात पक्का होता.

तो अडकला साहेबापाशी. शके १७६२ मध्ये करवीर इलाख्याला पोलिटिकल अजंट नव्हताच.

कोल्हापूरशी कंपनीचे तह पूर्वीपासून होते. १८१२ च्या तहात मालवण गेलं, १८२७ च्या तहानंतर राज्याचा कारभारी नेमण्यातही कंपनीचा हात आला. पण गोऱ्या साहेबाचं बिऱ्हाड कोल्हापुरात नव्हतं. दक्षिण मराठा मुलखाचा पोलिटिकल एजंट बाहेर बसून या राज्याकडं बघायचा. १८३८ मध्ये बुवासाहेब महाराज वारले, गादीवर बाबासाहेब आले, ते अज्ञान. घरात राणीवशाचा कारभार. १८४३ मध्ये कंपनीनं दाजी कृष्ण पंडितांना कारभारी नेमलं आणि त्यांनी शिस्तीच्या नावाखाली गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली घातल्या. पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या चाकरीवर पोट असलेल्या माणसाला उद्यापासून तू मामलेदाराच्या दारात उभा राहा म्हटलं, तर तो काय करणार? १८४४ मध्ये सामानगडानं दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड, मग पन्हाळा. प्रतापसिंह महाराजांच्या पदच्युतीच्या वेळी साताऱ्यात रेसिडेंट असलेला कर्नल ओव्हान्स वाटेत गडकऱ्यांच्या हाती लागला, तर त्याला त्यांनी पन्हाळ्यावर नेऊन डांबलं. १ डिसेंबर १८४४ ला तोफांनी पन्हाळा पडला. गडांची तटबंदी पाडली, गडकऱ्यांची वंशपरंपरेची चाकरी मोडली.

आणि मग साहेब आला, तोही पोलिटिकल सुपरिटेंडंट म्हणून. कॅप्टन ग्रॅहॅम. १८५४ चा कोल्हापूर संस्थानाचा मोठा अहवाल त्याचाच, आजही आम्हाला त्याच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. १८५७ मध्ये २७ वी पलटण उठली तेव्हाही इथं सुपरिटेंडंटच होता, वर खास अधिकार देऊन कर्नल जेकबला धाडलं गेलं. १८७० च्या सुमाराचे कागद काढले की मात्र ‘पोलिटिकल एजंट, कोल्हापूर व दक्षिण मराठा देश’ दिसू लागतो. पुढं साहेब रेसिडेंट झाला, १९३३ ला डेक्कन स्टेट्स एजन्सी झाली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं.

माझ्या कामात पदांची ही परंपरा पाठ असावीच लागते. नुसता कागद जोखायला नव्हे, कागद शोधायलाही. जुनी दफ्तरं गावावार लावलेली नसतात. कुठल्या साहेबाच्या कचेरीत कागद जमा झाला, त्यावर तो आज कुठं आहे ते ठरतं. सुपरिटेंडंटाच्या काळातला कागद एका रुमालात, म्हणजे फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात, त्याच्या आधीच्या एजंटाचा पत्रव्यवहार दुसऱ्याच गावात, रेसिडेन्सीचं काही थेट दिल्लीला. त्यात १९४७ साली जाता जाता पोलिटिकल खात्यानं राजेलोकांच्या खाजगी भानगडींचे कागद जाळले ते वेगळेच. वर सूची इंग्रजीत, तीही शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या स्पेलिंगात. भुदरगड ‘बी’खाली सापडेल की ‘बुद्धरगड’ म्हणून आणखी कुठं, हे नशिबावर. नव्या पोरांना मी सांगते, बाराखडी मग शिका, आधी साहेबांची यादी पाठ करा. त्यांना ते रटाळ वाटतं.

काकांना सांगितलं की या साली इथं अजंट नव्हता. ते चिडले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, “मग कोण व्हता?”

“लांब बसलेला एक साहेब. इथं यायचा तो कामापुरता.”

“आणि मागनं आला त्यो? राजापरास मोठा व्हता का त्यो?”

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कागदोपत्री तो नुसता सल्लागार. त्याच्या नावानं ना नाणं पडत होतं ना दसऱ्याचं सोनं लुटलं जात होतं. पण सत्तावनच्या धामधुमीनंतर बाबासाहेब महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब कराचीला नेऊन ठेवले गेले, ते परत आलेच नाहीत. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८८३ च्या नाताळात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत ते गेले. त्याआधीच, महाराजांच्या छळावरून कारभारी बर्व्यांवर लिहिलं म्हणून टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. शाहू महाराजांसारखा राजा, पण विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या आपल्याच जहागिरदारांवरचा पुरा अधिकार त्यांना हयातभर मिळाला नाही, मधे एजंटाची कचेरी होती. हे सगळं ‘सल्ल्या’त बसवलेलं. या एजंटांची इंग्रजी पत्रं वाचताना मला सगळ्यात जास्त राग त्यांच्या सौजन्याचा येतो. माणसाचं आयुष्य मोडणारं पत्रही ‘आपला आज्ञाधारक सेवक’ म्हणून संपतं.

काका म्हणाले, “मंजे मोठाच की.”

माझ्या लेखी कागद बनावट ठरला होता. साहेबाच्या कचेरीतल्या मराठी कागदावर इसवी तारीख असते, हा सारा थाट दरबारी. मोर्तबसूद तर राजाच्या शिक्क्याची भाषा. १८६०-७० च्या आधी तो लिहिला गेला नसणार. लिहिणारा कुणी कुलकर्णी किंवा दफ्तरदार असावा, सुहूर सन त्याला तोंडपाठ होता. पण तो जन्मल्यापासून कोल्हापुरात साहेब होताच. गावात पाटील असतो, गडावर हवालदार असायचा, तसा राज्यावर अजंट असायचाच, असं त्याला वाटलं असणार. साहेब नव्हता असंही कोल्हापूर होतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

इथं मी थांबायला हवं होतं, असं आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात. तुला कुणी सांगितलं खोदायला? पण बनावट कागद कुणी उगाच करत नाही, बोरूचं काम करणारा माणूस फुकट मिळत नव्हता. म्हणून मी गडकऱ्यांचं बंड मोडल्यानंतरची दफ्तरं मागवली. चिठ्ठी भरा, वाट बघा, भलताच रुमाल येतो, परत चिठ्ठी भरा. त्यातून एक असामीवार यादी निघाली. भुदरगडाच्या शिबंदीतले, म्हणजे गडावरच्या फौजेतले लोक, बापाच्या नावासकट, कुणाकडं किती जमीन, आणि पुढं ‘चाकरी बंद’. काकांच्या कौलातलं नाव त्यात होतं. बापाचं नावही जुळत होतं.

फक्त ते दोनदा होतं. तेच नाव, तोच बाप, जमिनी वेगवेगळ्या. आडनावं लिहिलेली नाहीत. एकाच भावकीतले लांबचे चुलत असतील, कारकुनानं एकाच माणसाचे दोन तुकडे दोनदा मांडले असतील, किंवा दोन वेगळीच घरं. म्हणजे ज्या साहेबाच्या नावानं खोटा कौल बनवला, त्याच्याच आधीच्या साहेबाच्या दफ्तरात खरा पुरावा निघाला, तोही जमीन काढून घेतल्याचा आणि तोही अर्धवट.

लिप्यंतर मी जसंच्या तसं दिलं. खाली मात्र टीप लिहिली की कागदात उल्लेखलेलं पद त्या साली कोल्हापुरात अस्तित्वात नव्हतं, आणि यादीची माहिती वेगळी जोडली. वकिलांचा फोन आला. “मॅडम, तुम्हाला पैसे वाचायचे दिलेत, शंका काढायचे नाही. टीप काढून टाका.” मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून विनाटीप दाखला आणला असावा, कारण पुन्हा फोन आला नाही. तो देणाऱ्यानं नियमाबाहेर काही केलं असंही म्हणता येणार नाही, आणि तेच मला जास्त टोचतं. धाकट्या पातीला माझी टीप मिळाली तर ते नाचतील. यादी मिळाली तर थोरले नाचतील. दोन्ही कागद एकाच वेळी एकाच टेबलावर यावेत अशी सोय कुठल्याच कचेरीत नाही.

काका मात्र परवा एकटेच येऊन गेले. दाव्याचं काही बोलले नाहीत. विचारलं, “त्या यादीतली दुसरी जिमीन कुठल्या अंगाला हाय, ते निघंल का?” निघेल कदाचित. गडाखालच्या वाड्यांचे जुने मोजणीचे कागद वेगळ्या रुमालात आहेत. त्याची चिठ्ठी भरून ठेवली आहे.