पणजेंत केल्लें

माझ्या टॅटूच्या दुकानातल्या चिठ्ठीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाईच्या बाटल्यांच्या फळीला मी ती चिकटवली आहे, ‘कॅटचं काम’ एवढंच लिहिलेली. सुईकडे बघायचं टाळणारं गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं आणि ती वाचतं. मांजराचा टॅटू कुठाय, असं निम्मे जण विचारतात. उरलेल्यांनी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा व्हिडिओ गेम खेळलेला असतो, आणि छळतो तो त्यांचा प्रश्न: कॅटचं, म्हणजे नायिका एलीच्या त्या आधीच्या मैत्रिणीचं, तुला एवढं काय? ती तर गेममध्ये दिसतसुद्धा नाही.

नाही दिसत. एलीच्याच गावात, जॅक्सनमध्ये राहते, नाव बोलण्यात येतं, एलीच्या वहीत येतं, संपलं. नंतरच्या मैत्रिणीच्या, डीनाच्या वाट्याला नाच, सिएटल, शेतावरचं घर, बाळ. कॅटच्या वाट्याला एलीचा उजवा हात. त्यावर नेच्याची पानं आणि दिव्यावर झेपावतो तसला एक पतंग. प्रत्यक्षात ते चित्र नॅटली हॉल या टॅटू आर्टिस्टचं. गोष्टीत ते कॅटने गोंदलेलं.

आता हे माझ्या धंद्याचं. भाजल्याच्या व्रणावर शाई सारखी धरत नाही. कुठे पसरते, कुठे बसतच नाही. व्रण पिकायला वर्षभर तरी द्यावं लागतं. त्यावर सरळ रेघ किंवा अक्षर घातलं की उंचवटा लगेच चुगली करतो. पान घातलं की तोच उंचवटा पानाची शीर होऊन जातो. गेममध्ये संसर्ग झालेला चावला की माणूस वाचत नाही, एली वाचली; ती चावल्याची खूण लपवायला तिने हात रसायनाने भाजून घेतला, आणि भाजल्यावर पान आलं. एकाखाली एक असे तीन थर. खालचा थर डीनालाही सिएटलमधल्या संसर्गाच्या बीजाणूंनी भरलेल्या बोगद्यात एलीचा मास्क फुटेपर्यंत माहीत नव्हता. बाकी लोक गेममधल्या बंदुका बघतात. मी प्रत्येक वेळी बाही वर झाली की तो हात बघायचे.

बरं, धंद्याचं आहे म्हणून, एवढंच उत्तर मी आजवर देत आले. ते अर्धं आहे.

2018 च्या सप्टेंबरात 6 तारखेला 377 चा, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल आला आणि 13 ला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. चवथीच्या आदल्या रात्री ती, माझी तेव्हाची मैत्रीण, नेवऱ्यो तळत होती, फोन खांद्यात धरून. पलीकडे मी होते. निकालाच्या आनंदात आम्ही आठवडाभर नुसत्या हसत सुटलो होतो. मी काहीतरी बोलले, ती हसली, झारा निसटला, तेल हातावर. घरच्यांना आजही वाटतं की पोरीचं कामात लक्ष नसतं. फोनवर कोण होतं हे कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. मीही नाही.

वर्ष उलटल्यावर, 2019 च्या शेवटी, मी त्या व्रणावर कांगल्याची वेल काढली. गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधतात ती, केशरी फळांच्या घोसांची. तीन बैठका. पैसे घेतले नाहीत, हेही तुम्ही विचाराल म्हणून. पुढच्या पावसाच्या आत आम्ही वेगळ्या झालो होतो. 2020 च्या जूनमध्ये गेम आला तेव्हा मी टाळेबंदीत एकटी, दुकान बंद, हातात कंट्रोलर. कॅटचं नाव ऐकलं आणि भडकले. भेटेल त्याला सांगत सुटले की या पोरीवर अन्याय झालाय, एक सीन तरी द्यायचा होता.

मग 2022 ची चवथ. तिने बोलावलं, फोंड्याकडच्या त्यांच्या मूळ घरी, सगळ्यांबरोबर. मी गेले. का गेले, ते विचारू नका. घुमट वाजवत ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ चाललं होतं. आरती संपली तशी तिने निरांजन फिरवायला घेतलं आणि बाही सरकली. वर माटोळीला खरी कांगलां लटकत होती. तिच्या मावशीने हात धरला, एकदा वर बघितलं, एकदा हाताकडे.

“हीं कांगलां कोणें काडलीं गो? अशींच आसात!”

“पणजेंत केल्लें, मावशे.”

मी तीन हातांच्या अंतरावर बसले होते, मांडीवर पातोळ्यांचं ताट. पणजेंत. माणूस नाही, गाव. मावशी कौतुकाने त्या व्रणावरून बोट फिरवत राहिली आणि मला एवढंच दिसत होतं की तिसऱ्या पानापाशी शाई थोडी पसरली आहे. तेव्हा लक्षात आलं नव्हतं. तिची आत्ताची मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. ती उठली आणि मला पाण्याचा तांब्या आणून दिला, काही न बोलता. तिचा राग करायची तयारी करून गेले होते मी. तेही जमलं नाही.

मावशीला ती दुसरं काय सांगणार होती? वीस माणसं, समोर गणपती. मला कळतं. कळूनही फोंड्याहून पणजीपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात भांडत आले.

2025 मध्ये गेमवरून काढलेल्या मालिकेत कॅट दिसली. नोआ लमानाने ती केली. एलीला सांभाळणारा जोएल तिच्या सतराव्या वाढदिवसाचा केक घेऊन येतो आणि खोलीत या दोघी, नुकताच काढलेला टॅटू, धूर. मला धडाधड मेसेज आले: घे, मिळाला तुझा सीन. मिळाला. बघितला. 2020 मधल्या मला वाटलं असतं, झालं समाधान. पण मला हिच्यापेक्षा गेममधलीच बरी वाटते. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित दिसत नाही तोवर तिच्या जागी बसता येतं. कदाचित तेही खरं नाही. गेमच्या शेवटी एलीच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात, गिटार सुटते. उजव्या हातावरचं काम तसंच राहतं, एवढं मात्र मी दर वेळी तपासते.

आणि अन्यायाचं म्हणाल तर माझ्या अल्बममध्ये बघा. व्रण झाकायला येणाऱ्यांना मी पहिलं पान तेच दाखवते: मनगटापासून कोपरापर्यंत हात, कांगल्याची वेल. हात कुणाचा, असं विचारतात. “एक गिऱ्हाईक होती,” मी म्हणते. चेहरा कापला तो तिच्या घरच्यांनी ओळखू नये म्हणून. कापलेला भाग फोनमधूनही काढून टाकला, ते मात्र तिच्या घरच्यांसाठी नव्हतं.